चौथ्या मजल्याची भिक्षा

"तिच्या हातचं एवढं काय गोड लागतं तुम्हाला, महाराज?"

अच्युतबुवांनी वर पाहिलं नाही. त्यांचा उजवा पाय घमेल्यातल्या मिठाच्या गरम पाण्यात होता आणि घोटा चांगलाच सुजला होता.

"कोणाच्या हातचं?"

"ती चौथ्या मजल्यावरची. चिनी बाई."

"चीन इतका जवळ आला? म्हणजे आता लिफ्टनंच जाता येईल."

श्रीनिवास आठल्ये हसले नाहीत. हसायला ते आलेच नव्हते.

बुवा मुंबईच्या एका उपनगरात, दत्तमंदिराच्या मागच्या खोलीत राहत. दुपारी शेजारच्या सोसायटीत मधुकरी मागायला जात. ठरलेल्या चार-पाच दारांशी उभं राहायचं, शिजलेलं जे मिळेल ते एकाच लाकडी पात्रात घ्यायचं, परत येऊन सगळं एकत्र कालवायचं आणि खायचं, एवढाच त्यांचा संसार.

त्या दारांतलं पहिलं दार आठल्यांचं. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि बुवांचे सगळ्यांत जुने शिष्य. या दोन्ही गोष्टी ते कोणाला विसरू देत नसत. पात्र कोरं असतानाच आपलं अन्न त्यात पडावं, दुसऱ्या कोणाच्या अन्नाला लागू नये, म्हणून पहिला मान त्यांनी मागून घेतला होता.

चौथ्या मजल्यावर पूर्वी एक जोशीणबाई होत्या. त्या मुलीकडे बंगळूरला गेल्या, जागा भाड्यानं गेली. बुवा नेहमीप्रमाणे त्याच दाराशी उभे राहिले. दार उघडलं ते रिनपुईनं. ती मिझोरमची, जवळच्या हॉस्पिटलात नर्स होती.

बुवांनी दार बदललं नाही. तिथूनच आठल्यांच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

"मंगळवारी मी पाहिलं," आठल्ये म्हणाले. "औदुंबराखाली बसून तुम्ही बोटं चाटत होतात."

"चाटली असतील. पण सगळं एकत्र कालवलेलं होतं. कोणाचं चाटलं ते तुला कसं कळलं?"

"रंगावरून. भोपळा होता तो. आमच्याकडे त्या दिवशी भोपळा नव्हता."

"बारीक नजर आहे तुझी."

"आणि आमच्याकडचं थालीपीठ कुत्र्याला घातलंत."

बुवांनी घमेल्यातला पाय जरा हलवला.

बोलून गेल्यावर आठल्यांना स्वतःचीच लाज वाटली. साठी उलटलेला माणूस धाकट्या भावाच्या ताटात डोकावणाऱ्या पोरासारखा बोलत होता. पण लाज वाटली म्हणून जळजळ थांबते थोडीच.

"तिच्याकडे काय काय शिजतं याची कल्पना आहे तुम्हाला? जिना चढताना नाक धरावं लागतं."

"मग धर."

"त्याच पातेल्यातलं तुम्हाला वाढते ती!"

"भूक लागल्यावर पातेल्याची चौकशी कोण करतं, श्रीनिवास?"

"मी मीटिंगमध्ये विषय काढला होता. दाराबाहेर बूट, कधीही येणं, कधीही जाणं, तो वास... आणि तुम्ही तिच्याच दाराशी जाऊन उभे! लोक माझ्या तोंडाकडे बघून हसतात."

"हसू दे. हसणारी माणसं कमीच झालीत."

"महाराज, तिला तुम्ही कोण हेसुद्धा माहीत नाही. भिकारी समजते ती तुम्हाला."

"आणि तू?"

"गुरू!"

बुवांनी पाय घमेल्यातून काढला, पंच्यानं पुसला.

"तेच तर... तुझ्या दारात मला महाराज व्हावं लागतं. तिच्या दारात भूक लागली एवढं पुरतं."

हे आठल्यांना फार लागलं. इतकी वर्षं त्यांनी चांदीच्या ताटातून वाढलं होतं. बुवांची पावलं धुतल्याशिवाय पात्रात पळी घातली नव्हती. आणि कोण कुठली बाई, तिला नमस्कार कसा करतात हेही ठाऊक नाही, ती महिन्याभरात पुढे निघून गेली.

"मग माझं शेवटचं ऐका," ते म्हणाले. "एक तर तिचं दार सोडा, नाही तर माझं."

बुवांनी कोपऱ्यातलं लाकडी पात्र उचललं आणि आठल्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"आज माझ्यानं चालवत नाही. तू जाऊन ये."

"मी? मधुकरी मागायला?"

"दाराशी उभं राहायचं. भिक्षा वाढा म्हणायचं. आत जायचं नाही, मिळेल ते घ्यायचं."

"सगळ्या दारांशी?"

"सगळ्या."

"तिच्याही?"

बुवांनी डोळे मिटून घेतले.

आठल्ये उठले. पात्रावर रुमाल टाकून, कोणी बघत नाही ना याचा अंदाज घेत ते सोसायटीच्या फाटकातून आत शिरले. स्वतःचं दार त्यांनी शेवटी ठेवलं. बायकोनं आपल्याला असं पाहावं हे त्यांना नको होतं. निदान जितकं लांबवता येईल तितकं त्यांना लांबवायचं होतं.

तळमजल्यावर वॉचमनच्या बायकोनं अर्धी भाकरी दिली. काही विचारलं नाही. पहिल्या मजल्यावर हंसाबेननी खिचडी वाढली आणि मग म्हणाल्या, "आठल्येभाई, घरे बधू बराबर छे ने?" घरी सगळं ठीक आहे, अशी आठल्यांनी मान हलवली आणि जिना धरला. लिफ्टमध्ये कोणी भेटलं असतं तर पात्र कुठे लपवणार होते?

चौथ्या मजल्यावर बेल वाजवायला हात उचलेना. तेवढ्यात दार आतूनच उघडलं. वेळ झाली होती, ती वाट पाहत असावी.

"सेक्रेटरी सर!"

रिनपुईनं घाईघाईनं दाराबाहेरचे बूट पायानं आत ओढले. "सॉरी सर. आत्ताच ड्यूटीवरून आली. लगेच आत ठेवणार होती."

मग तिला त्यांच्या हातातलं पात्र दिसलं.

"बाबा नाही आले? पाय जास्त झाला?"

"सुजलाय."

"मी सांगितलं होतं, गरम पाणी, मीठ. करतात ना?"

म्हणजे ते घमेलंही हिच्याच सांगण्यावरून होतं. आठल्यांना सकाळपासूनची सगळी जळजळ पुन्हा वर आल्यासारखी वाटली.

"करतात," ते म्हणाले. मग आठवण झाल्यावर तोंड दुसरीकडे करून पुटपुटले, "भिक्षा वाढा."

ती आत गेली. दार उघडंच होतं. नको नको म्हणत त्यांनी आत पाहिलं. ओट्यावर लहानसं पातेलं होतं. त्यातला भात आणि भोपळा ती चमच्याच्या पाठीनं घोटत होती. घोटून झाल्यावर तिनं एक शीत बोटांत चिमटून पाहिलं. पुन्हा घोटलं.

"इतकं कशाला घोटायचं?" आठल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"बाबांना दाढा नाहीत ना, सर. एक पण नाही."

"... कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पहिल्या दिवशी हसले, तेव्हा दिसलं."

आठल्ये तिथेच उभे राहिले. आपल्या दारात बुवा कधी हसले होते का, हे ते आठवत होते. पावलं धुताना नाही. ताट पुढे करताना नाही. पुढच्या महिन्याचा अभिषेक कधी ठेवायचा, हे विचारताना तर नाहीच.

आणि थालीपीठ? त्यांची बायको कुमुद ते खरपूस भाजायची, कडा कुरकुरीत. आणि बुवा ते मुकाट्यानं घेऊन जायचे.

रिनपुईनं पात्रात भात घातला. दोन्ही हातांनी पात्र खालून धरून ते नीट बसवलं, म्हणजे कलंडणार नाही. तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली.

"तुम्ही जेवला, सर?"

"नाही."

ती परत गेली आणि आणखी दोन चमचे घेऊन आली. "मग हे दोघांना."

आठल्यांना काहीतरी बोलायचं होतं. निदान बुटांबद्दल. ते न बोलताच जिना उतरले.

दुसऱ्या मजल्यावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी होती. आज प्रथमच त्यांनी आपल्या घराची बेल पाहुण्यासारखी वाजवली.

कुमुदनं दार उघडलं. नवऱ्याला पाहिलं, पात्राला पाहिलं.

"अगंबाई! तुम्ही?"

"महाराजांचा पाय... भिक्षा वाढ."

"थांबा, आमटी गरम आहे." ती वळली आणि वळता वळता थांबली. "एवढा उशीर? आधी दुसरीकडे जाऊन आलात का?"

"हो."

"चौथ्या मजल्यावरही?"

आठल्यांनी पात्रावरचा रुमाल बाजूला केला. पिवळा भात वरच होता.

कुमुद स्वभावानं वाईट नव्हती. घरचा नियमही तिनं केलेला नव्हता. नाताळात रिनपुई केक घेऊन आली होती, तेव्हा आठल्यांनीच बॉक्स न उघडता वॉचमनकडे पाठवला होता. तिच्याकडचं काही आपल्या भांड्याला लागता कामा नये, हे त्यांनी जेवताना दोनदा बजावलं होतं. कुमुदनं ते लक्षात ठेवलं होतं, इतकंच.

ती आमटीचं पातेलं घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आत, हातभर मागे थांबली.

"जरा खाली धरा हं. पळी लागायला नको."

तिनं पळी उंच धरली आणि वरून ओतली.

आमटी पात्रात पडली. बरीचशी आठल्यांच्या मनगटावर पडली.

त्यांनी हात हलवला नाही. हलवला असता तर भात सांडला असता.

"भाजलं का हो?" कुमुद कळवळून म्हणाली. पण पुढे आली नाही. "तुम्हीच सांगितलं होतंत ना... आणि हे बघा, पात्र पोचवलंत की खालच्या नळावर हातपाय धुवा, मगच आत या."

दार हळूच लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. आठल्ये आपल्याच नावाच्या पाटीकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले.

ते परतले तेव्हा बुवा औदुंबराच्या पारावर बसले होते. आठल्यांनी पात्र त्यांच्यापुढे ठेवलं. नेहमीसारखं दूर सतरंजीवर न बसता ते पाराखाली मातीतच बसले.

बुवांनी पात्रात बघायच्या आधी मनगट पाहिलं.

"कुठे भाजलं?"

"... घरी."

बुवांनी तांब्यातलं गार पाणी त्या मनगटावर धरलं. बराच वेळ धरलं. तांब्या रिकामा झाला.

"माझ्या बायकोनं मला वरून वाढलं, महाराज. माझ्याच दारात. मीच शिकवलं होतं तिला."

"हं."

"तुम्हाला दाढा नाहीत, हे मला माहीत नव्हतं."

"असू दे."

"असू दे कसं? इतकी वर्षं रोज येता तुम्ही माझ्याकडे! मी तुमच्या पायांपलीकडे काही पाहिलंच नाही. तिला पहिल्याच दिवशी दिसलं." आठल्यांच्या आवाजात अजून राग होता आणि तो लपवायची ताकद आता त्यांच्यात उरली नव्हती. "खरं सांगू? मघाशी तुम्हाला मी वासाचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं, मीटिंगचं सांगितलं. ते सगळं निमित्त होतं. मला तिचा हेवा वाटत होता. आणि आता आणखीच वाटतो. तिला जे दिसलं, ते मला दिसायला हवं होतं."

बुवा भात कालवत होते. भोपळा, आमटी, खिचडी, कुस्करलेली भाकरी. आता कोणाचं काय ते ओळखू येत नव्हतं.

"महाराज..."

"बोल."

"उद्यापासून माझं दार सोडा. मी तिथे भिक्षा मागून आलोय, म्हणून सांगतोय. तुम्ही येण्यासारखं ते दार नाही."

बुवांनी एक घास उचलला, तोंडात घातला आणि सावकाश गिळला. मग दुसरा घास करून आठल्यांच्या ओंजळीत ठेवला.

"वेड्या," ते म्हणाले, "दारं सोडणारा असतो, तर सगळ्यांत आधी तुझंच सोडलं असतं."