खाडीकाठचं गवत आणि खेकडी

पुष्कळ वर्षांपूर्वी एका खाडीच्या काठावर खारं गवत वाढत होतं. पायाशी चिखल रग्गड होता, पण तो इतका घट्ट आणि कोंदट, की मुळांना त्यातून काही घेताच येत नसे. गवत पिवळं पडून वाळत चाललं होतं.

एका ओहोटीला पोटाशी अंडी असलेली खेकडी धापा टाकत आली. "दादा, बगळा मागे लागलाय. तुझ्या मुळांत बीळ करू देशील?"

मागोमाग बगळा उतरला. "तिला ठेवू नकोस. ती बिळं पाडेल, वर घाण करेल. आधीच तू मरायला टेकलायस."

गवत कचरलं. मुळं तुटली तर आपण उरणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी ते म्हणालं, "ये बाई, माझं व्हायचं ते होईल." उरलीसुरली पाती त्याने तिच्यावर झुकवली. बगळा चडफडत उडून गेला.

खेकडीने बिळं खणली. काही मुळं तुटली, गवताने ते सोसलं. पण बिळांतून खाली हवा खेळू लागली. तिची विष्ठा चिखलात मुरली आणि मुळांना हवं ते खत मिळालं. महिनाभरात पात्यांवर हिरवा रंग चढला.

अंडी फुटून पिल्लं भरतीच्या पाण्यात गेली, तेव्हा खेकडी म्हणाली, "दादा, तुझ्यामुळे माझी लेकरं जगली. आता निघते, तुला आणखी त्रास नको."

"जाऊ नकोस," गवत म्हणालं. "मी तुला आसरा दिला, असं मला वाटत होतं. खरं तर इतके दिवस मीच तुझ्या हातचं जेवतोय."