चित्राचा मुजरा

कुंभेरीच्या सरकारांनी वेशीत स्वतःचं भलंमोठं चित्र टांगलं आणि दवंडी पिटली, "हे चित्र म्हणजे साक्षात सरकार. येताजाता मुजरा करावा. न करणाऱ्याला कोठडी."

येसाजी चितारी मानी गडी. रंगवलेल्या कापडापुढे वाकणं त्याच्या जिवावर आलं. त्याने कमरेत वाकून मुजरा करणारं स्वतःचं चित्र काढलं, सरकारांच्या चित्रासमोर टांगलं आणि ताठ मानेने ये-जा करू लागला.

शिपायांनी त्याला धरून दरबारात आणलं.

"काय रे चिताऱ्या, मुजरा करताना कंबर दुखते का?" सरकार गरजले.

"मुजरा चालूच आहे, सरकार. लोक येताजाता वाकतात, मी रात्रंदिवस वाकून उभा आहे."

"अरे, ते तुझं नुसतं चित्र!"

"मग त्याच्या समोर कोण आहे, सरकार?"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. सरकारांनी मिशीवर हात धरला, पण हसू त्यांनाही आवरेना.

"सोडा याला. आणि माझं चित्र उतरवा."

तेव्हा येसाजीने खऱ्या सरकारांना वाकून खरा मुजरा केला.

वेशीतलं सरकारांचं चित्र उतरलं. येसाजीचं मात्र तिथेच राहिलं, समोरच्या रिकाम्या खिळ्याला मुजरा करत.