भिंतीशी बोलणारी द्वारकाबाई

नवरा गेला आणि बार्शीचं घर द्वारकाबाईंच्या नावावर झालं. गावातच बंगला बांधून राहणारा मुलगा विलासराव दिवाळीलासुद्धा फिरकला नव्हता. आता मात्र त्याने थेट कोर्ट गाठलं.

"आईचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब. दिवसभर भिंतीशी बोलते. घराचा कारभार माझ्या हाती द्या."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"म्हणजे काय! रोज तिच्याजवळच तर बसलेला असतो मी!"

द्वारकाबाई पदर सावरत उठल्या.

"साहेब, हा रोज माझ्याजवळ बसत असता, तर भिंतीशी बोलायची वेळ माझ्यावर कशाला आली असती?"

विलासरावाचं तोंड एवढंसं झालं. अर्ज फेटाळला गेला, घर वाचलं.

संध्याकाळी द्वारकाबाईंनी कुलूप काढलं, चहा टाकला आणि सगळी हकिकत पहिल्यापासून भिंतीला सांगितली.