चर्चच्या भिंतीवरचा नांगर

आपल्या आज्याचा आजा शेंबडा होता, तेव्हाची गोष्ट. एका खेड्यातल्या शिमोन पादरींना प्रार्थनेइतकंच शेतीचं वेड. त्यांनी गावात पहिला लोखंडी नांगर आणला आणि स्वतःच बैल जुंपले. लोक फिदीफिदी हसले, "पादरीबुवा, तुम्ही बायबल सांभाळा, ढेकळं आम्ही बघतो." पण पादरींचं पीक गावात सगळ्यांत जोरदार आलं.

मग पादरी तापानं गेले. हसणारेच ढसाढसा रडले. त्यांनी तो नांगर चर्चच्या भिंतीवर टांगला आणि त्याला ओला हार घातला.

नांगर ओरडायचा, "अहो, मला शेतात न्या, इथं गंजून मरेन." माणसांना ऐकू येईना. दाराशी टेकलेला कुणाचा तरी लाकडी नांगर तेवढा म्हणाला, "गप की लेका. तुला हार, मला नुसत्या शिव्या."

"मग ये माझ्या जागी."

"कोण येऊ देतंय? काल गावातल्या हणोकनं तुला नांगरटीला मागितलं, तर म्हातारे खेकसले, 'पादरीबुवांची आठवण मातीत घालतोस?'"

हार चढत राहिले. एका स्मरणदिनी गंजलेला फाळ गळून पडला. सगळ्यांनी माना खाली घालून प्रार्थना केली, अन् घरी जाऊन लाकडी नांगर जुंपले.