ठकूचं रिंगण

एका गावात एकही कावळा नव्हता.

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. ते गाव तांबटांचं होतं, ठणठणवाडी त्याचं नाव. घरोघरी तांब्याचे पत्रे, घरोघरी हातोडे. सकाळी तोंड धुऊन माणसं जी ठोकायला बसत, ती दिवेलागणीलाच उठत. हंडे, कळश्या, घंगाळी, बंब. त्या आवाजाला कंटाळून कावळे केव्हाच निघून गेले होते. पितरांना घास ठेवायचा तर पान हातात घेऊन शेजारच्या गावी चालत जावं लागे.

गावातली निम्मी माणसं बहिरी होती आणि उरलेली निम्मी होण्याच्या वाटेवर. बायका जेवायला बोलवत त्या पळी दाखवून. भांडणं हातवाऱ्यांनी चालत, आणि लवकर मिटत, कारण हात दुखून येत. बाळांना अंगाई कुणी म्हणतच नसे. पाळणा ऐरणीजवळ टांगायचा, बापाने हंडा ठोकत बसायचं, की बाळ गाढ झोपलंच म्हणून समजा.

एकच बाळ झोपलं नाही. सखोबा तांबटाची ठकू.

ती चालायला लागली तशी बापाने हातोडा उचलला की दोन्ही कानांवर हात दाबून पळू लागली. पळायची ती थेट घरातल्या धान्याच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसायची. परकराचा जरीकाठ टोचला की परकर अंगणात आणि ठकू परसात. पण तिच्या आईने, गोदाने, अंगावर जाड वाकळ घातली आणि वरून स्वतः जराशी रेलली, की पोर लोण्यासारखी मऊ होई. "अजून दाब," म्हणे.

सखोबाचा लेकीवर फार जीव. पण जीव असला तरी माणूस तांबट. तो म्हणायचा, "सवय नाही तिला. एकदा सवय झाली की होईल सरळ." म्हणून त्याने तिला ऐरणीशेजारी बसवायला सुरुवात केली. आधी तांब्या ठोकला, मग कळशी, मग हंडा. मधूनमधून तो तिच्या हातावर गुळाचा खडाही ठेवी. ठकूने आधी गूळ खायचं सोडलं. मग बोलायचं सोडलं. शेवटी शेवटी तर आईने भातावर झाकण ठेवलं तरी ती काठीसारखी ताठ होई.

त्यात तिचा 'ठोका' जवळ आला होता. ही त्या गावची रीत. मूल पाच वर्षांचं झालं की त्याला चावडीपुढच्या मैदानात उभं करायचं. सगळ्या तांबटांनी आपापला हंडा घेऊन भोवती रिंगण धरायचं. म्होरक्याने हात खाली केला की सगळ्यांनी एकदम ठोका द्यायचा. जे मूल जागचं हललं नाही ते गावचं झालं, त्याच्या हाती लहानसा हातोडा यायचा. जे पळालं ते कुणाचंच नाही. त्याला पुढे कुणी भट्टीपाशी बसवून घेत नसे.

सखोबाला घोर लागला. त्याने घरातला सगळ्यांत मोठा बंब ठोकायला काढला. गोदाने त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"अहो, पत्रा ठोकून ठोकून ताठरला की तुम्ही काय करता?"

"भट्टीत धरतो, मऊ करतो. हे काय विचारणं झालं?"

"आणि तसाच ठोकत राहिलात तर?"

"तडकेल की!"

गोदाने फक्त कणगीकडे बोट केलं.

सखोबाने आत वाकून पाहिलं. ठकू डोक्यावरून वाकळ ओढून बसली होती. दातांवर दात घट्ट, तळवे कानांवर असे दाबलेले की बोटं पांढरी पडलेली. सखोबाने उभा जन्म तांबं हाताळलं होतं. तडकायच्या आधी पत्रा कसा दिसतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने बंब बाजूला सारला. "मला जो नुसता ठोका वाटतो," तो गोदाला म्हणाला, "तो हिच्या अंगावर भिंतीसारखा कोसळत असेल गं."

त्या दिवसापासून हातोडा उचलण्याआधी तो डावा हात वर करी. हात दिसला की ठकूला हवं तिथे जायला सवड मिळे. गोदाने तिला कानांवर कापसाच्या गाद्या असलेली कुंची शिवली. परकर उलटा नेसवला, म्हणजे जरीची टोचरी मागची बाजू बाहेर आणि मऊ बाजू आत. घराबाहेर पडायच्या आधी तिला वाकळीत घट्ट गुंडाळायचं, ती मान हलवून 'पुरे' सांगेपर्यंत. हळूहळू ठकू पुन्हा बोलू लागली. पहिलं वाक्य बोलली ते असं: "बाबा, हात वर करायला विसरलात."

बापाला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

पण ठोक्याचा दिवस उजाडायचा तो उजाडलाच. ठकूला बघताच मल्हारी तांबट खो खो हसत सुटला. गावात सगळ्यांत मोठा हातोडा त्याचा आणि सगळ्यांत मोठं हसूही त्याचंच. "काय सखोबा, भर उन्हाळ्यात कुंची? आणि परकर उलटा! घाईत निघालात वाटतं, वहिनी?"

"आमचा परकर उलटा, भावजी," गोदा म्हणाली, "पण तुमच्या मिशा तरी कुठे सुलट आहेत?"

म्होरके होते बाबाजी आबा. ते ओरडले, "पुरे! रिंगण धरा!"

ठकू मधोमध उभी राहिली. तिने चहूबाजूंचे हातोडे पाहिले आणि कुंचीवरून कान दाबून धरले. तिचे डोळे कणगी शोधू लागले. तिथे कुठली कणगी?

रिंगणातल्या सखोबाने डावा हात वर केला. "थांबा," तो म्हणाला. मग लेकीला विचारलं, "ठकू, इथून चालेल?"

ठकूने मान हलवली. नाही.

सखोबाने हंडा उचलला आणि तो मागे सरकला. "इथून?"

नाही.

तो आणखी मागे गेला. आता आबांचा पारा चढला. "अरे ए, रिंगण मोडतोस? भट्टीवरची तुझी जागा जाईल!"

"जाऊ द्या, आबा," सखोबा म्हणाला. "जागा गेली तर दुसरी बघेन. माझी पोर तडकलेली मला चालणार नाही."

आणि तो आणखी मागे सरला.

आता झालं असं, की गोल रिंगणाला सखोबाच्या बाजूने फुगवटा आला. तांबटांचं एक आहे. ते उपाशी राहतील, शिव्या खातील, पण गोल असायची वस्तू गोल नसली तर त्यांच्या डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतं. सगळे फुगवट्याकडे बघू लागले. कुणी मान खाजवली, कुणी खाकरलं. सखोबाच्या शेजारचा म्हातारा पुटपुटला, "वाकडं दिसतंय हो," आणि हंडा घेऊन मागे सरकला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्याही शेजारचा. रिंगण पुन्हा गोल झालं.

"ठकू, इथून?"

नाही.

सखोबा मागे, पुन्हा फुगवटा, पुन्हा सगळे मागे. रिंगण मैदानाबाहेर गेलं, घरांमागे गेलं, शेतांत गेलं. एक जण उकिरड्यावर चढला. एक जण गुडघाभर ओढ्यात उभा राहिला. एक जण तर मागे सरत सरत शेजारच्या गावच्या लग्नमांडवात शिरला. त्याचा हंडा लोकांनी आहेर म्हणून ठेवून घ्यायला बघितला, आणि तो तोंडात जिलेबी धरून हंड्यासकट पळत जागेवर आला. मल्हारीच्या वाट्याला टेकडी आली, आणि टेकडीवर नेमकं वडाचं झाड. तो फांदीवर बसला. मी हे स्वतः पाहिलेलं नाही. पण ज्याने पाहिलं तो खोटं बोलणारा नव्हता; फार तर माझ्याइतका.

शेवटी मुंगीएवढ्या दिसणाऱ्या सखोबाने लांबून हात वर केला. ठकूने विचार केला. आणि तिनेही हात वर केला.

ठोका पडला. शेतं ओलांडून, ओढा ओलांडून, दमून भागून तो ठकूपर्यंत आला तेव्हा त्याचं नुसतं 'टिण्' राहिलं होतं. ठकू हलली नाही. कान दाबलेलेच होते, पण 'हात काढ' असं तिला कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने आपणहून कुंचीची एक बाजू उचलली आणि पुन्हा हात वर केला. पुन्हा एकदा, टिण्.

आता तुम्ही म्हणाल, पुढे याच तिखट कानांनी तिने गाव पुरातून वाचवलं असेल. छे! तिने काहीसुद्धा वाचवलं नाही. ती ठकूच राहिली. आबांनी तिच्या हाती हातोडा दिला, त्याचा दांडा तिला खरखरीत लागला, सखोबाने त्याला मऊ फडकं गुंडाळलं. एवढंच. भट्टीवरच्या जागेचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

सगळ्यांत शेवटी टेकडीवरून मल्हारी आला. मिशांत वडाची पानं. तो आबांपुढे उभा राहिला आणि त्या गावात कधी कुणी वापरला नव्हता इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, "आबा, माझ्या वेळी नव्हतं का हो रिंगण एवढं मोठं करता येत?"

"काय म्हणालास?" आबांनी कानामागे हात धरला.

"काही नाही," मल्हारी म्हणाला.

पण ठकूला ऐकू आलं होतं. ती त्याच्यापाशी गेली. "काका, तुम्ही रडला होतात?"

मल्हारीने इकडेतिकडे पाहिलं. "खूप," तो म्हणाला.

"मी कुणाला सांगणार नाही," ठकू म्हणाली, आणि त्याचं बोट धरून त्याला आपल्या घरी जेवायला घेऊन गेली.

तात्पर्य: कान झाकणारं मूल हट्टी नसतं, आपल्याला जेवढं सोसतं तेवढं त्याला सोसत नाही, इतकंच. त्याला ठोकून रिंगणात बसवू नये. 'इथून चालेल का?' असं विचारत आपण मागे सरावं, आणि त्याचा हात वर होईपर्यंत थांबावं.