आवडते सर

“म्हणजे विद्यार्थ्यांना आवडणं हा गुन्हा आहे का, अण्णा?”

अण्णांनी मान वर केली नाही. ते मेथी निवडत होते.

विचारणारे डॉ. निशिकांत सोनवलकर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. अण्णा, म्हणजे विश्वंभर खोत, हे त्यांचे गुरू. त्याच विभागातून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यावर ते कृष्णाकाठच्या या मठात येऊन राहिले होते. मठानं त्यांना मागच्या बाजूच्या दोन खोल्या दिल्या होत्या. त्या बदल्यात ते इथं नेमकं काय करतात, हे मठातल्या कुणालाच नीट सांगता येत नसे.

“गुन्हा आहे असं कोण म्हणालं?” अण्णांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“मग?”

सोनवलकरांनी मेथीची एक काडी उचलून हातात घेतली...

मग बोलू लागले. त्यांच्या तासाला रसायनशास्त्राची मुलं येऊन बसतात. खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसतात, दारात उभी राहतात. तास मोबाइलवर रेकॉर्ड होतात आणि कुठल्या कुठल्या गावांत ऐकले जातात. विषय तत्त्वज्ञान, जिथं मुलं एरवी दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून येतात.

“का येतात रे तुझ्याकडे?”

“मी अवघड ते सोपं करून सांगतो. कुणाचा अपमान करत नाही. नावानं ओळखतो सगळ्यांना. आणि मला हसवता येतं.”

“हे सगळं चांगलंच आहे,” अण्णा म्हणाले.

ते मनापासून म्हणाले. त्यामुळे सोनवलकरांची पंचाईत झाली. ते वाद घालायच्या तयारीनं आले होते.

“तुमच्या तासाला आम्ही चार-पाच जणच असायचो,” ते थोड्या वेळानं म्हणाले.

“हो. बाकीचे कँटीनमध्ये.”

“तुम्हाला वाईट नाही वाटायचं?”

“वाटायचं.”

अण्णांनी देठं एका बाजूला सारली.

“तू एवढ्या लांब मला हे सांगायला आलास, निशिकांत?”

...

नाही. सोनवलकर प्रणिता ओव्हाळसाठी आले होते.

प्रणिता त्यांची संशोधक विद्यार्थिनी. त्यांचा एक तास ऐकून तिनं मिळत आलेली बँकेची नोकरी सोडली होती आणि तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतला होता. तेव्हापासून ती त्यांच्याकडेच शिकली. तिचा प्रबंध होता ‘क्षमा’ या विषयावर. गेल्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा झाली. सभागृह भरलं होतं. सरांची विद्यार्थिनी म्हणून मुलं मुद्दाम ऐकायला आली होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस आता हयात नाही. त्याच्या वतीनं क्षमा करायचा अधिकार कुणाला?”

प्रणिता म्हणाली, “क्षमा म्हणजे भूतकाळाच्या गळ्यातला दोर आपल्या हातानं सोडणं.”

सभागृहात टाळ्या पडल्या. ते सरांचं वाक्य होतं. सगळ्यांना पाठ होतं.

परीक्षक बाई टाळ्या संपेपर्यंत थांबल्या.

“हे तुमच्या सरांचं. मी ऐकलंय, छान आहे. तुमचं काय म्हणणं आहे?”

प्रणिता थांबली. तिनं सोनवलकरांकडे पाहिलं.

“आणि तू?” अण्णांनी विचारलं.

“मी... ओठ हलवले.”

“म्हणजे?”

“उत्तर सांगायला. मला सुचलं होतं. चांगलं उत्तर होतं, अण्णा.”

परीक्षक बाईंना ते दिसलं. त्यांनी समोरचे कागद मिटले. प्रबंध नाकारला नाही, पण शेवटचं प्रकरण पुन्हा लिहून आणायला सांगितलं. प्रणितासाठी एका कॉलेजनं जागा धरून ठेवली होती. ती जागा आता किती दिवस धरून ठेवतील, सांगता येत नव्हतं.

“पोरगी काय म्हणाली?”

“बाहेर आल्यावर माझ्या पाया पडली. म्हणाली, सॉरी सर, मी तुमचं नाव घालवलं.”

अण्णांचे हात थांबले.

“तेव्हापासून तिचे फोन येतायत,” सोनवलकर म्हणाले. “मी उचलत नाही. उचलला तर ती विचारणार, सर, काय लिहू? मी सांगितलं की ती तसंच्या तसं लिहिणार. नाही सांगितलं तर तिचं सगळं बुडणार... तुम्ही सांगा, मी काय करू?”

अण्णांनी मेथीचं भांडं उचललं.

“उद्या रविवार. सकाळी पोरं येतात माझ्याकडे. तू शिकव त्यांना.”

...

सकाळी मठाच्या ओसरीवर तालुक्याच्या कॉलेजातली मुलं-मुली येऊन बसली. त्यांना परीक्षेसाठी काही नको होतं. का येता, असं सोनवलकरांनी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, “सवय झालीय.”

सोनवलकर उभे राहिले. त्यांनी दोरी आणि सापाचा जुना दृष्टांत घेतला. संधिप्रकाशात वाटेवर दोरी पडलेली असते आणि आपल्याला साप दिसतो. साप खोटा, पण अंगाला सुटलेला घाम खरा.

त्यांनी तो साप उभा केला. एका मुलीला पुढं बोलावून चालायला लावलं. तिचं नाव विचारलं आणि पुढं प्रत्येक वेळी नावानं हाक मारली. मुलं हसली, एकदा दचकलीसुद्धा. आणि शेवटी त्यांनी आवाज खाली आणला, अगदी खाली, आणि दिवा आणला की साप कुठं जातो, हा प्रश्न विचारून स्वतःच त्याचं उत्तर दिलं. ओसरी स्तब्ध झाली. मग टाळ्या.

असं कुणी शिकवलंच नव्हतं, असं मुलं एकमेकांना म्हणाली. दोघातिघांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले.

सोनवलकरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णाही टाळ्या वाजवत होते.

“काही विचारायचंय सरांना?” अण्णांनी मुलांना विचारलं.

“नाही. सगळं समजलं.”

मुलं उठू लागली.

“मला एक समजलं नाही,” अण्णा म्हणाले.

मुलं अर्धवट उठलेली तशीच थांबली.

“दोरी बघून साप वाटला. बरोबर. पण समजा एखाद्यानं जन्मात साप बघितलाच नाही. त्याला काय दिसेल?”

कुणी काही बोललं नाही. ही शांतता मघासारखी नव्हती. जरा अवघडलेली होती. एकानं पाय खाजवला.

“दोरीच दिसेल की,” मागून धैर्यशील नावाचा मुलगा म्हणाला.

“हां. म्हणजे न बघितलेल्या गोष्टीचा भास होत नाही. मलाही तसंच वाटतं,” अण्णा म्हणाले. “मिटलं.”

“मिटलं कसं?” रुक्साना मुलाणी म्हणाली. सरांनी मघाशी चालायला लावलेली मुलगी हीच. “भूत कुणी बघितलंय? तरी अंधारात भूत दिसतंच ना माणसाला.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“खरंय,” ते म्हणाले. “मग माझं चुकलं.”

“तसं नाही,” धैर्यशील म्हणाला, “भूत दिसतं म्हणजे पांढरी साडी दिसते, मोकळे केस दिसतात. ते आपण बघितलेलंच असतं. नुसतं जोडलेलं.”

“भीतीचं काय मग? ती पण जोडलेली का?” रुक्सानानं विचारलं.

सोनवलकरांना याचं उत्तर ठाऊक होतं. पाहिलेलं तसंच ऐकलेलंही मनात ठसा ठेवून जातं, यावर शास्त्रात पुष्कळ लिहिलेलं आहे. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. ते सांगायला पुढं झुकले.

अण्णांनी त्यांचं मनगट धरलं.

म्हाताऱ्या हाताची पकड होती, सोडवून घेता आली असती. सोनवलकरांनी तोंड मिटलं. उत्तर जिभेवर असताना गप्प बसायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती. आपल्याला याचा किती त्रास होतो, हे पाहून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मुलं भांडत राहिली. कुणी चुकीचं बोललं, कुणी फारच चुकीचं. मध्येच एका मुलानं लहानपणी काकानं घातलेल्या भीतीची गोष्ट सांगितली, आणि सोनवलकरांना जे दोन वाक्यांत सांगायचं होतं त्याच्या अगदी जवळ ती मुलं येऊन पोचली, आणि मग पुन्हा भलतीकडे गेली. भांडता भांडता ती ओसरी उतरली. वाद घाटाच्या पायऱ्यांवर गेला, तिथून खाली पाण्यापर्यंत.

जाताना कुणी अण्णांना नमस्कार केला नाही. सोनवलकरांनाही नाही.

“ते भलतीकडेच चाललेत,” सोनवलकर म्हणाले.

“हो.”

“त्यांना थांबवायला नको?”

अण्णांनी मनगट सोडलं.

...

सोनवलकर मठाबाहेरच्या पिंपळाखाली गेले आणि त्यांनी प्रणिताला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

“सर, तुम्ही रागावला आहात का?”

“नाही.”

“मी शेवटच्या प्रकरणात काय लिहू, सर?”

उत्तर त्यांच्याकडे होतं. परीक्षेच्या दिवशी होतं त्याहूनही ते आता अधिक नेटकं झालं होतं.

“तुला काय वाटतं?”

“तुम्ही सांगा ना, सर. तुम्ही सांगितलं की मला लगेच समजतं.”

“मी सांगणार नाही.”

पलीकडे काही ऐकू येईना. फोन कट झाला असावा असं वाटून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

“प्रणिता?”

“आहे, सर.” आवाज बदलला होता. “माझ्या आजोबांना गावात पारावर बसले म्हणून मारलं होतं. पाय मोडला. मरेपर्यंत ते लंगडत चालायचे... मी बारावीत असताना गावात एक कार्यक्रम झाला. मारणाऱ्यांच्या नातवांनी स्टेजवर माफी मागितली. सगळ्यांसमोर. माझ्या वडिलांनी त्यांना मिठी मारली, माफ केलं म्हणाले. लोक रडत होते. पेपरात फोटो आला.”

“हं.”

“मी समोर बसले होते, सर. मला वाटत होतं, पप्पा, हा तुमचा पाय नाहीये.”

सोनवलकरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“परीक्षेत त्या मॅडमनी विचारलं तेव्हा हेच आठवलं होतं. एकदम.”

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस. इतक्या वर्षांत.”

“कसं सांगणार?” ती म्हणाली. “तुमचं वाक्य इतकं सुंदर होतं, सर. त्यात हे बसत नव्हतं.”

पिंपळाखालून दोन बायका धुण्याची बादली घेऊन गेल्या. सोनवलकरांनी त्यांना वाट दिली.

“सर, एक बोलू? तुमचं ते वाक्य मला पटत नाही. पूर्वी पटायचं, असंही नाही. मला वाटतं... मला ते कधीच पटलं नव्हतं. क्षमा करणारा दोर सोडतो म्हणता. पण दोर त्याच्या हातात होता का, हे तुम्ही बघतच नाही.”

तिचा आवाज चढला होता आणि ती थांबली नाही. वडिलांचं चुकलं असंही तिला म्हणायचं नव्हतं. त्यांना गावात राहायचं होतं. मग त्यांनी केलं त्याला काय म्हणायचं, क्षमा नव्हे तर काय, ते तिला अजून सापडत नव्हतं. ती पुष्कळ वेळ बोलली. मध्येच स्वतःचंच खोडून काढत होती. एका ठिकाणी तिचं सपशेल चुकलं. सोनवलकरांना ते कळलं आणि त्यांनी ते जाऊ दिलं.

शेवटी ती म्हणाली, “ठेवते, सर. मला हे लिहून काढायला पाहिजे.”

तिनं फोन ठेवला. एरवी ती नेहमी म्हणायची, सर, तुमच्याशी बोललं की खूप बरं वाटतं. आज म्हणाली नाही.

सोनवलकर परत आले तेव्हा अण्णा ओसरीवर सतरंजी झटकत होते. सोनवलकरांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून सतरंजीची घडी घातली.

“मी उत्तर दिलं नाही,” सोनवलकर म्हणाले.

“बरं.”

“बहुतेक आता मी तिला पूर्वीसारखा आवडणार नाही.”

अण्णांनी घडीची कड सारखी केली.

“ती म्हणाली, माझं म्हणणं तिला पटत नाही. कधीच पटलं नव्हतं.” ते थांबले. “मला वाईट वाटलं, अण्णा. अजून वाटतंय.”

अण्णांनी घडी केलेली सतरंजी काखेत धरली. खाली घाटावरून मुलांचे आवाज येत होते.

“मोठ्यानं म्हणाली का?”

“हो. चांगलं मोठ्यानं.”

अण्णा दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थांबले...

“मग आता तिला शिकवायला हरकत नाही.”