राजपुत्राच्या गळ्यातले खडे

फार जुन्या काळची गोष्ट, बरं का. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य तरी कसलं! सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पलीकडच्या राज्यात पोचायचा. पण राजा चांगला होता, राणी त्याहून चांगली होती आणि माणसं मोठी मायाळू होती. दुःख एकच होतं. राजवाड्यात पाळणा हलत नव्हता.

पुष्कळ वर्षांनी तो हलला. राणीला मुलगा झाला आणि सारं राज्य आनंदानं वेडं झालं.

त्या राज्यात एक रीत होती. बाळाला भेट द्यायची ती शुभ खड्याची, आणि देणाऱ्यानं ती आपल्या हातानं बाळाच्या गळ्यात बांधायची. एकदा बांधलेला खडा सोडायचा तो फक्त बांधणाऱ्यानंच. दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावला, तर बाळावरचं संकट त्याच्या माथी! त्यामुळे दुसऱ्याच्या गाठीकडे कुणी वाकडं बोटसुद्धा करत नसे.

साध्या घरच्या बाळाला एखादा मणी मिळायचा. पण हा पडला राजपुत्र! आत्याबाईंनी पोवळं बांधलं, अंगी धीर यावा म्हणून. मामांनी मोती बांधला, डोकं थंड राहावं म्हणून. प्रधानांनी पाचू बांधला, वाणी गोड व्हावी म्हणून. मग सेनापती कसा मागे राहील? त्यानं सोन्यात मढवलेलं हे भलंमोठं वाघनख आणलं. पाठोपाठ गोमेद आला, लसण्या आला, दृष्ट लागू नये म्हणून काळ्या मण्यांच्या माळा आल्या, तांब्याच्या पेटीतले ताईत आले. बाळाची हनुवटी दिसेनाशी झाली, तरी लोक येतच होते.

बाळ वेळेवर बसायला लागलं. पण बसलं ते बसलंच. त्याच्या वयाची पोरं अंगणात धावू लागली, पडू लागली, मार खाऊ लागली. हा आपला दोन्ही हात टेकून बघायचा. उठायला जायचा, मान पुढे झुकायची आणि मदकन खाली बसायचा. बघणारे हळहळायचे. आणि हळहळून करायचे काय, तर घरी जाऊन आणखी एक खडा घेऊन यायचे!

शेवटी वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी बाळाचे पाय चेपून पाहिले आणि ते गंभीर झाले.

"राणीसाहेब, पायात दोष नाही. पण असेच वापराविना राहिले तर पायातली ताकद जाईल. मग मोठेपणीही राजपुत्र उभे राहायचे नाहीत."

एवढं बोलून निघताना त्यांनीही एक खडा बांधला. पायांसाठी म्हणे!

त्या दिवशी राणीनं दासीला बाजूला सारलं आणि बाळाला न्हाऊ घालायला ती स्वतःच बसली. पाणी घालता घालता तिला दिसलं, माळांच्या खाली पोराची मान लालेलाल झाली होती. तिथं धुवावं म्हणून तिनं सगळ्या माळा एका हातात गोळा केल्या आणि वर उचलून धरल्या.

आणि बाळ तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं.

राणी इतकी दचकली की माळा हातातून सुटल्या. बाळ मदकन बसलं. तिनं पुन्हा माळा उचलल्या. बाळ पुन्हा उभं राहिलं आणि चक्क हसलं.

"अगं बाई!" राणी स्वतःशीच म्हणाली. "पायाचं दुखणं पायात नाहीच की!"

तिनं त्याच दिवशी सगळ्यांना राजवाड्याच्या अंगणात बोलावलं. बाळाला मधोमध बसवलं, माळा उचलून दाखवल्या, सोडून दाखवल्या. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली.

"आता आपापला खडा सोडून घ्या," राणी म्हणाली. "हात जोडते तुम्हाला."

अंगणात चुळबूळ सुरू झाली.

मामा म्हणाले, "ताई, माझा मोती तो केवढा! त्याचं काय ओझं होणार? ते वाघनख आधी काढायला सांग."

सेनापती म्हणाला, "वाघनख काढलं आणि पोराचं काही बरंवाईट झालं तर? ताईत काढा की, पुष्कळ आहेत."

जो तो शेजाऱ्याच्या खड्याकडे बोट दाखवू लागला. राणी चिडली. "माझं पोर जन्मभर बसून राहील, आणि तुम्हाला एक गाठ सोडवत नाही?"

तेव्हा आत्याबाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका. पण त्या सगळ्यांच्या खाली तो सुपारीएवढा नीलम आहे, तो कुणी बांधला?"

नीलम राणीनंच बांधला होता, बाळ जन्मलं त्याच दिवशी. सगळ्यांत मोठा खडा आईचा होता, आणि तो सोडायचा हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं राजाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, मला भीती वाटते. याला काही झालं तर?"

राजा म्हणाला, "आणि काहीच न होता हा असाच बसून राहिला तर?"

राणी खाली बसली. तिनं नीलमाची गाठ सोडली. मग आत्याबाई पुढे आल्या, त्यांच्यामागून मामा, मग प्रधान. वैद्यबुवांनी खाली मान घालून आपला खडा सोडून घेतला. सेनापतीला त्याचीच गाठ सुटेना, ती त्यानं दातांनी सोडवली. बाळाचा गळा मोकळा झाला.

बाळानं इकडेतिकडे पाहिलं. मग हात टेकून उठलं. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तोंडावर आपटलं. गुडघा खरचटला, रक्त आलं.

सारं अंगण "अरे, अरे" करत पुढे धावलं. कितीतरी हात आपापल्या खड्याकडे गेले.

"थांबा!" राणी ओरडली. तिचा जीव वरखाली होत होता, पण तिनं दोन्ही हात पसरून सगळ्यांना अडवलं. "पडू दे. रडू दे."

बाळ रडलं. भरपूर रडलं. कुणी येत नाही असं पाहिल्यावर नाक पुसलं, उठलं आणि अंगणातल्या एका कोंबडीच्या मागे लागलं. कोंबडी पुढे, राजपुत्र मागे! राजा पोट धरून हसला आणि राणी हसता हसता रडली.

त्यानंतर त्या राज्यातली रीत बदलली. शुभ खडा आजही देतात, पण तो आईच्या ओंजळीत ठेवतात. बाळाचा गळा मोकळा असतो, आणि पोरं पडून, गुडघे फोडून घेऊन खुशाल चालायला शिकतात.

बोध: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्या गळ्यात आपली भीती बांधू नये.